पैलतीराची गरज कशी मोजावी?

एखाद्या ठिकाणी नौकांच्या फेऱ्या सुरू कराव्यात काय, असा प्रश्न लोकांस विचारला असता बहुधा सर्वांचे उत्तर होकारार्थीच येते. होकार देण्यास काही पडत नाही. तिकीट काढावयाचे म्हटले म्हणजे मात्र हात खिशाशी घुटमळतो. आमच्या सोलापुरास समुद्र नाही, तेव्हा ह्या विषयाची उठाठेव आपणांस कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु माढे तालुक्यात भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम अंगास एक लहानसा समुद्रच पसरला आहे. म्हणून जलवाहतुकीची निकड कशी ओळखावी, हा प्रश्न आपल्याही घरचा आहे.

प्रथम मुंबईचा अनुभव पाहू. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबई व नवी मुंबई यांच्या दरम्यान ‘वॉटर टॅक्सी’ ह्या नावाने नौकांच्या फेऱ्या मोठ्या समारंभाने सुरू झाल्या. बेलापूरच्या धक्क्यावर सुमारे ८ कोटी ३७ लक्ष रुपये खर्च झाले होते. शीघ्रगती नौकेचे भाडे ८२५ ते १,२१० रुपये, आणि मोठ्या नौकेचे २९० रुपये ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मांडव्यास जाणारी दोनशे आसनांची नौका सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये गेट वे ते बेलापूर अशीही फेरी निघाली. परंतु पुरेसे उतारू न मिळाल्यामुळे ह्या फेऱ्यांपैकी एकही नीटशी रुजली नाही.

ह्याचे कारण गूढ नाही. बेलापूरचा नोकरदार मनुष्य लोकलच्या मासिक पासावर प्रवास करणारा. त्याने घरापासून धक्क्यापर्यंत रिक्षा करावी, नौकेचे भाडे भरावे, आणि पलीकडे उतरल्यावर कचेरीपर्यंत पुन्हा टॅक्सी करावी, तर समुद्रावर वाचलेला वेळ व पैसा दोन्ही जमिनीवर खर्ची पडावयाचे. नौका उत्तम होती. तिच्या दोन्ही टोकांस जोडलेली वाट तेवढी अपुरी होती.

ह्याच बंदरातील मांडव्याच्या जुन्या लाँचींची स्थिती निराळी आहे. गेट वेहून निघणाऱ्या लाँचीच्या तिकिटातच मांडव्यापासून अलिबागपर्यंतच्या मोटारीचे भाडे धरलेले असते. उतारूस धक्क्यावर ताटकळावे लागत नाही. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारींसह माणसे नेणारी मोठी नौका जाते. रस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा, तर पाण्यावरून सुमारे एका तासाचे अंतर. जेथे जमिनीचा मार्ग लांबचा असतो तेथेच पाण्याच्या मार्गास खरा आश्रय मिळतो, हे ह्यावरून उघड होते.

हंगामाचा विचारही येथेच केला पाहिजे. मांडव्याच्या लहान लाँची पावसाळ्याचे सुमारे तीन महिने बंद असतात. म्हणजे मालकास बारा महिन्यांचा खर्च नऊ महिन्यांत काढावा लागतो. त्यातही शनिवार-रविवारी जागा मिळण्याची मारामार, आणि मंगळवारी बाके रिकामी. म्हणून एका दिवसाची मोजदाद फसवी ठरते. आषाढी एकादशीस चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहून कोणी होड्यांची गरज मोजली, तर शंभर होड्याही थोड्या वाटतील. त्याच गृहस्थाने पौषातील एखाद्या दुपारी तेथे यावे, म्हणजे दोन नावाडी आपसांत गप्पा मारीत बसलेले त्याला आढळतील.

आता उजनीकडे वळू. करमाळे तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी ह्या गावांमध्ये जलाशय आहे. रस्त्याने जाणाऱ्यास फार मोठा वळसा पडतो, म्हणून लोक होडीने जात असत. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून निघालेली अशी एक होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली. आत सातजण होते. एक पोहून काठास लागला, सहाजण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. त्या लोकांस कोणीही प्रश्नपत्रिका दिली नव्हती. तथापि गरज आहे किंवा नाही, ह्याचे उत्तर त्यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षे आपल्या प्रवासानेच देत आले होते. ते ऐकणारा कोणी नव्हता, एवढेच.

जुनी पिढी ‘रामदास’ अगबोट विसरलेली नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे जाणारी ती बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे समुद्रात बुडाली. सणाकरिता घरी जाण्याची ओढ, भर पावसाळा आणि माणसांनी भरलेली बोट! मागणी तर पुरेपूर होती; परंतु केवळ मागणी म्हणजे सुरक्षितता नव्हे.

तेव्हा गणना करावयाची ती अशी करावी. बाजाराचा दिवस, सणाचा दिवस व साधा दिवस, असे तिन्ही दिवस निवडून, निदान वर्षभर, प्रत्येक काठावर उतारू मोजावेत. ‘फेरी हवी काय?’ असे विचारू नये. ‘मागच्या खेपेस कसे गेलात, किती वेळ लागला, काय पडले?’ असे विचारावे. जे भीतीमुळे येतच नाहीत, त्यांच्या घरी जाऊन विचारावे. तान्हे मूल घेऊन माहेरी निघालेली सून, दवाखान्यात न्यावयाची वृद्ध आई, पलीकडच्या शाळेत जाणारी मुलगी, यांची नोंद धक्क्यावर कधीच होत नाही. घरातील स्त्रियांस विचारल्यावाचून केलेली गणना अर्धीच समजावी. थंडीत रोहित पक्षी पाहण्यास भिगवणकडे जाणाऱ्या हौशी मंडळींचा हिशेब निराळा मांडावा. हौस व गरज एकाच रकान्यात घातली, तर दोहोंविषयी चूक होते. शिवाय उजनीचे पाणी उन्हाळ्यात फार मागे सरते. श्रावणात बांधलेला धक्का चैत्रात कोरड्या गाळात उभा राहील, हेही ध्यानी धरावे.

सर्वांत महत्त्वाचे असे की भाडे विचारावयाचे ते सुरक्षित नौकेचे. नेमकीच माणसे घेणारी, प्रत्येकास तरंगजाकीट देणारी आणि वारा सुटला असता न निघणारी नौका महागच पडणार. त्या भाड्यात उतारू कमी भरले, तर उरलेली तूट सरकारने सोसावी. ती जादा माणसे कोंबून भरून काढू नये. शिरसोडी ते कुगाव पुलास सरकारची मंजुरी मिळाली आहे. परंतु पूल एका जागी होतो आणि जलाशयाचे काठ लांबवर पसरले आहेत. जेथे पूल नाही तेथे होडी चालणारच.

तोपर्यंत गृहस्थाने एवढे करावे. सुट्टीत अलिबागेस जावयाचे असो, पंढरपुरी विष्णुपदास असो किंवा उजनीवर असो, होडीत पाऊल ठेवण्यापूर्वी तिच्यात माणसे किती घेतात व जाकिटे किती आहेत, हे विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर मुलांस घेऊन मागे फिरावे. अशा रीतीने मागे फिरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद कोणीतरी ठेवीत गेले, तर चांगल्या नौकेची मागणी किती आहे हे आपोआप कळेल.