इरोडोवच्या देशात

आमच्या रूमवर एक इरोडोव आहे. म्हणजे आय. ई. इरोडोव यांचं 'प्रॉब्लेम्स इन जनरल फिजिक्स', मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं. काकांनी ते ऐंशीच्या दशकात, स्वतः इंजिनिअरिंगला असताना घेतलेलं. कव्हर केव्हाच गेलंय, बाइंडिंग मात्र अजून शाबूत! काका सांगतात, त्या वेळी रशियन पुस्तकं इतकी स्वस्त असायची की मेसचं बिल भरून उरलेल्या पैशांतही एखादं घेता यायचं.

मागच्या सेमला एका रात्री लाइट गेली आणि नेहमीप्रमाणे सगळे कॉरिडॉरमध्ये जमले. कशावरून तरी विषय कम्युनिझमवर गेला. (लाइट गेली की होस्टेलवर विषय कुठेही जातो.) माझा रूम पार्टनर म्हणाला, "ज्या सरकारनं असलं पुस्तक रद्दीच्या भावात आपल्यापर्यंत पोचवलं, ते वाईट कसं असेल रे?" मेकॅनिकलचा एक सीनियर म्हणाला, "मग १९९१ साली तो देश गेला कुठे?" तेवढ्यात लाइट आली आणि सगळे सबमिशन लिहायला पळाले. मी मात्र त्यात अडकलो आणि पुढचे दोन महिने मिळेल ते वाचत गेलो. त्यातून माझं जे मत झालं ते इथे मांडतोय. न पटल्यास रूमवर येऊन भांडावे, चहा मिळेल.

पार्टनरची बाजू आधी, कारण ती खोटी नाही. १८९७ च्या जनगणनेत रशियन साम्राज्यात शंभरातले तीस लोकसुद्धा साक्षर नव्हते; १९३९ पर्यंत तो आकडा ऐंशीच्या वर गेला होता. घरभाडं नाममात्र, शिक्षण फुकट, नाटकाचं तिकीट कामगाराला परवडेल असं. आपल्या अण्णाभाऊ साठे यांनी १९६१ साली तो देश पाहिला आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. ज्या माणसाला जातीपायी शाळेत टिकता आलं नाही, त्याला हे सगळं पाहून काय वाटलं असेल, ते आपण खुर्चीत बसून हसण्यावारी नेऊ नये.

पण वाचत गेलो तसं एक लक्षात आलं. तिथे कागद, छापखाना, दुकान, रेडिओ, थिएटर, लेखकाची नोकरी, एवढंच काय लेखकाचं राहतं घर, सगळ्याचा मालक एकच. आपल्याकडे एका प्रकाशकानं नाही म्हटलं तर दुसऱ्याच्या पायऱ्या झिजवता येतात. तिथे कायद्याने चालणारा दुसरा नव्हताच!

लेनिनग्राडच्या जोसेफ ब्रॉडस्कीचं उदाहरण घ्या. १९६४ साली तेवीस वर्षांच्या या पोरावर खटला भरला. आरोप काय, तर हा काम करत नाही, समाजाचं फुकट खातो. कविता आणि भाषांतरं करतो हे न्यायाधीशबाईंच्या लेखी काम नव्हतं. तुला कवी म्हणून कोणी मान्यता दिली, हे शिकायला तू कुठल्या संस्थेत गेला होतास, असे प्रश्न तिनं विचारले. आपल्या व्हायवात एक्स्टर्नलही इतका भाबडा प्रश्न विचारत नाही. शिक्षा मात्र भाबडी नव्हती: उत्तरेतल्या अर्खांगेल्स्क प्रांतात पाच वर्षं सक्तीची मजुरी. देशात आणि बाहेर ओरड झाल्यावर दीड वर्षात सुटका झाली. त्याच्या कवितांवर बंदीचा हुकूम काढायची गरजच पडली नाही. नोकरी नाही एवढं पुरलं.

पुस्तकांची तऱ्हा तर आणखी गमतीची. ब्रेझनेव्ह यांच्या नावावर १९७८ मध्ये आलेल्या आठवणींच्या लाखो प्रती छापल्या, वर त्यांना साहित्याचा लेनिन पुरस्कार! लोकांना हवा होता अलेक्झांडर ड्युमा. तो दुकानात नसायचा. मग सत्तरच्या दशकात सरकारनं योजना काढली: वीस किलो रद्दी आणून द्या, कूपन घ्या आणि त्यावर एखादं दुर्मीळ पुस्तक विकत घ्या. म्हणजे काकांचा इरोडोव इथे रद्दीच्या भावात, आणि तिथे ड्युमासाठी रद्दी गोळा करत फिरायचं!

विज्ञानही सुटलं नाही. भौतिकशास्त्र आणि गणित बरंचसं वाचलं, कारण बाँब आणि रॉकेटं हवी होती. जेनेटिक्सचं तसं झालं नाही. लिसेंको यांचं मत वरच्यांना पटलं, म्हणून १९४८ मध्ये खरं जेनेटिक्स अभ्यासक्रमातून हद्दपार झालं आणि ते नीट परतायला १९६० चं दशक अर्धं सरलं. बियाण्यांचा जगप्रसिद्ध संग्रह करणारे वाविलोव त्याआधीच, १९४३ मध्ये, सारातोवच्या तुरुंगात गेले होते.

रोजच्या जगण्याविषयी वाचताना मला सारखं आपलं होस्टेल आठवत होतं. शहरांत कित्येक कुटुंबं 'कोमुनाल्का'त राहायची: एका कुटुंबाला एक खोली, किचन आणि संडास सगळ्यांत मिळून. शेजारी भिंतीपलीकडे, आणि तो कोणाला काय सांगेल याचा नेम नाही. बाहेर पडताना लोक खिशात जाळीची पिशवी ठेवायचे. तिचं नाव 'अवोस्का'. 'अवोस' म्हणजे साधारण 'बघू, जमलं तर'. कुठे रांग दिसली तर आधी उभं राहायचं, काय मिळतंय ते नंतर विचारायचं.

मग ख्रुश्चेव यांच्या काळात, पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून, फॅक्टरीत तयार झालेले काँक्रीटचे पॅनल जोडून पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. सिव्हिलवाल्यांनी जरूर वाचावं असं प्रकरण. छत बुटकं, लिफ्ट नाही, किचन जेमतेम पाच-सहा चौरस मीटर. पण ते किचन स्वतःचं होतं आणि दार लावता येत होतं! रात्री टेबलाभोवती चार मित्र बसले की खरं बोलणं सुरू व्हायचं. ऑफिसातलं आणि सभेतलं बोलणं वेगळं. कार्बन पेपर घालून टाइप केलेल्या बंदी असलेल्या कादंबऱ्या इथेच हातोहात फिरायच्या. सगळ्या शहरांत त्याच इमारती, यावर १९७६ साली एक विनोदी सिनेमा आला: मॉस्कोतला माणूस झिंगून लेनिनग्राडला पोचतो, टॅक्सीवाल्याला स्वतःचाच पत्ता सांगतो, तोच रस्ता, तीच बिल्डिंग, आणि त्याच्या किल्लीनं दुसऱ्याचं कुलूप उघडतं. सरकारी टीव्हीनं तो दाखवला आणि लोक अजूनही नववर्षाला पाहतात. थट्टेला थोडी जागा होती, हेही सांगायला हवं.

आणि जिथे जागा नव्हती तिथे लोकांनी जुगाड केला. युद्धानंतर जाझच्या रेकॉर्डी मिळेनात, तेव्हा लेनिनग्राडच्या पोरांनी रेकॉर्ड कापायचं यंत्र घरी बनवलं आणि हॉस्पिटलातून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मवर गाणी कोरली. फिल्म कात्रीनं गोल कापायची, मधलं भोक सिगारेटनं पाडायचं. थोड्याच वेळा वाजायची, खरखर खूप, उजेडात धरली की कोणाच्या तरी बरगड्या दिसायच्या. लोक त्याला 'हाडांवरचं संगीत' म्हणायचे. यासाठी पोरं तुरुंगात गेली. नुसत्या गाण्यांसाठी!

इथे एक कबुली. गेल्या वर्षी भित्तिपत्रकासाठी मी मेसवर लेख लिहिला आणि लावण्याआधी मीच त्यातला अर्धा खोडला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी काही केलंही नसतं. माझ्या भित्रेपणाची त्या देशाशी तुलना करणं हास्यास्पद आहे, मला कळतं. पण दोन महिन्यांच्या वाचनात मला सगळ्यांत जवळून ओळखता आली ती हीच गोष्ट: कोणी खोडायच्या आधी आपणच खोडायचं. एकच मालक असलेल्या देशात चांगल्या-चांगल्यांना ही सवय सत्तर वर्षं लागली. स्वस्त भाड्याच्या बदल्यात ही किंमत मला तरी जास्त वाटते.

लेख वाचून पार्टनर म्हणाला, "मग इरोडोव देऊन टाकायचा का?" अजिबात नाही. उद्या त्यातलंच पुलीचं गणित त्याला माझ्याकडून समजून घ्यायचंय.

ब्रॉडस्कीचं पुढे काय झालं, हेही त्यानंच विचारलं. १९७२ साली त्याला देशाबाहेर घालवलं, तो अमेरिकेत शिकवू लागला, १९८७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचे म्हातारे आई-वडील लेनिनग्राडच्या त्याच सामायिक घरातल्या दीड खोलीत राहिले. एकदा मुलाला भेटून येऊ द्या, असा अर्ज ते पुन्हा पुन्हा करत होते. परवानगी मिळाली नाही. आई १९८३ मध्ये गेली, वडील १९८४ मध्ये. दोन्ही वेळा तो अंत्यविधीला जाऊ शकला नाही.