विश्लेषण : दंड भरला, पण डॉक्टरच्या नोंदणीचे काय?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीतून सुरू होतो, शेजारच्या कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पनवेल शहरात उपजिल्हा रुग्णालय. या भागातल्या नाकाबंदीत दारू पिऊन गाडी चालवणारा एखादा इंटर्न किंवा निवासी डॉक्टरही सापडू शकतो. अशा वेळी मित्रांचा सल्ला ठरलेला असतो : कोर्टात कबूल कर, दंड भर, विषय संपव. पण विषय तिथे संपत नाही.

कायदा काय सांगतो?

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागू होते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हे प्रकरण जागेवर चलन भरून मिटत नाही, न्यायालयातच जावे लागते. गुन्हा कबूल करून दंड भरला, तरी कागदावर ती दोषसिद्धीच असते.

नोंदणी रद्द होते का?

आपोआप होत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची २०२३ची नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली आणि २००२ची आचारसंहिता कायम राहिली. तिच्यानुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे गैरवर्तन आहे. दारू पिऊन गाडी चालवणे त्यात मोडते का, हे तिथे लिहिलेले नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरची बाजू ऐकून निर्णय घेते. अपघातात कुणाचा जीव गेला असेल, तर गुन्हाही गंभीर होतो आणि नोंदणीवरचे संकटही.

मोठा धोका कशात?

लपवण्यात. नोकरीच्या अर्जात विचारलेली शिक्षा दडवली, तर नियुक्ती रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये अवतार सिंग खटल्यात स्पष्ट केले. परदेशी जाणाऱ्यांची तपासणी आणखी कडक असते. ब्रिटनमध्ये डॉक्टरला शिक्षा झाल्यास जनरल मेडिकल कौन्सिलला कळवावे लागते. अमेरिकेतील अनेक राज्ये परवान्याच्या अर्जातच हा प्रश्न विचारतात.

मग हवे काय?

मद्यपी चालकाच्या रक्ताचा नमुना डॉक्टरच घेतो. मे २०२४मध्ये पुण्यातील कल्याणीनगर अपघातानंतर नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा या कामातल्या विश्वासाची किंमत राज्याला कळली. म्हणून डॉक्टरांसाठी याबाबतचा नियम संदिग्ध ठेवणे योग्य नाही. दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाच्या वेळी परिषदेने शिक्षेची माहिती स्पष्टपणे विचारावी. कुणालाही इजा न झालेल्या पहिल्या चुकीला ताकीद आणि व्यसनाची तपासणी पुरे. चूक पुन्हा झाली किंवा कुणी जखमी झाले, तर निलंबन व्हावे. नियम आधी माहीत असेल, तर खरे सांगायची भीती कमी होईल. आणि पार्टीनंतर रिक्षा बोलावण्याचे शहाणपणही वाढेल.