थांबण्याची तारीख

कोल्हापूरच्या परिसरातील गुऱ्हाळावर घड्याळाचे फारसे चालत नाही. चालतो तो गुळव्याचा शब्द. काहिलीतल्या रसावरची मळी काढली जाते, पाक दाटू लागतो. मग गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो. उसाच्या गाड्या कितीही खोळंबल्या असोत, गोळी जमल्याखेरीज काहील उतरत नाही. लवकर उतरवली तर ढेप बसत नाही. उशीर झाला तर गूळ करपतो.

संगणकाच्या जगातही असे एक गुऱ्हाळ आहे. त्याचे नाव डेबियन. संगणकावरील सर्व कामांना आधार देणारी ही मूळ प्रणाली १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केली. जगभरातील स्वयंसेवक ती घडवतात आणि ती कोणालाही फुकट वापरता येते. इथे कामाला ना पगार, ना हुकूम. मग हजारो कार्यक्रमांचा हा पसारा वेळेवर आणि निर्दोष बाहेर पडावा कसा?

त्यासाठी तीन पायऱ्या आहेत. नवे काम प्रथम ‘अस्थिर’ विभागात येते. त्याचे कायमचे नाव सिड. ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातला खेळणी मोडणारा मुलगा! तिथे काही दिवस गंभीर दोष आढळला नाही, तर ते ‘चाचणी’ विभागात जाते. शेवटी सारे पारखून ‘स्थिर’ आवृत्ती जाहीर होते.

घाई किती महाग पडते, हे या मंडळींनी आरंभीच पाहिले. एका सीडी विक्रेत्याने अपुरी प्रत १.० म्हणून बाजारात आणली. गोंधळ नको म्हणून १९९६ साली पहिली खरी आवृत्ती १.१ या क्रमांकाने निघाली, १.० कधी निघालीच नाही. पण नुसते ‘तयार होईल तेव्हा’ म्हणणेही महागच पडते. जुलै २००२ नंतरची आवृत्ती यायला जून २००५ उजाडला.

यातून निघालेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. २००९ साली त्यांनी गोठवणीसाठी दोन वर्षांचे चक्र ठरवले. गोठवण म्हणजे नवे काही घेणे थांबवून फक्त दोष दुरुस्त करणे. म्हणजे आधी ठरते ती थांबण्याची तारीख, संपण्याची नव्हे. ताज्या आवृत्तीची गोठवण १५ मार्च २०२५ रोजी सुरू झाली. आवृत्ती ९ ऑगस्टला आली.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. उद्घाटनाची तारीख आधी छापली जाते आणि आदल्या रात्रीपर्यंत नव्या सूचना येतच राहतात. मंडळाचा देखावा असो वा शाळेचे संमेलन, ‘आता नवीन काही नको’ असे म्हणण्याचा अधिकार आपण कोणालाच देत नाही. विनामोबदला राबणाऱ्यांची खरी दमछाक कामाने होत नाही, या न थांबणाऱ्या भरतीने होते.

डेबियनच्या स्थापना कार्यक्रमात मराठी आली ती २००९ च्या ‘लेनी’ आवृत्तीत. भाषांतर मागे पडले की भाषा यादीतून गळू शकते; गोठवण कोणासाठी थांबत नाही. कोल्हापुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींनी पुढच्या गोठवणीआधी चार ओळी तपासल्या, तरी मराठीचा अभिमान घोषणेपलीकडे जाईल.