उकाईचा धोका मोजा, आणि गोडादऱ्याला सांगा

सुरतेच्या गोडादरा भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो माणसे पोटापाण्यासाठी स्थायिक झाली आहेत. तापीही खानदेश ओलांडूनच सुरतेला येते. तिच्या खोऱ्याचा सुमारे चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. हे सारे पाणी शहराच्या वर सुमारे 100 किलोमीटरवर उकाई धरण अडवते. 1972 साली पूर्ण झालेल्या या धरणाचा जलाशय कोयनेच्या जवळपास अडीचपट आहे. ते फुटले तर काय होईल, हा प्रश्न विचारणे म्हणजे अफवा पसरवणे नव्हे.

आधी धरणाच्या बाजूने बोलले पाहिजे. धरण पूर्ण होण्यापूर्वी, 1968 साली तापीला सुमारे 15 लाख क्युसेकचा महापूर आला होता. असे लोंढे अडवून सावकाश सोडण्याचे काम उकाई करते. शिवाय 300 मेगावॉट वीज, शेतीला आणि शहराला पाणी. देखभाल होत असलेले मोठे धरण फुटण्याची शक्यता फार कमी असते, हे अभियंत्यांचे म्हणणे रास्त आहे.

पण कमी शक्यता म्हणजे कमी धोका नव्हे. शक्यता आणि संभाव्य हानी यांचा एकत्र विचार केला, तरच धोका कळतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि पुणे बुडाले. 11 ऑगस्ट 1979 रोजी गुजरातमध्येच मच्छू-2 धरण फुटून मोरबी शहर वाहून गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममध्ये हिमतलाव फुटला आणि तीस्ता-3 हे जलविद्युत धरण काही मिनिटांत नाहीसे झाले. उकाईचा बराचसा भाग मातीचा आहे, आणि मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागणे हे सर्वांत मोठे भय असते.

तरीही सुरतेचा अनुभव वेगळी गोष्ट सांगतो. ऑगस्ट 2006 मध्ये धरण शाबूत होते. जलाशयात प्रचंड येवा येत होता, सुमारे 9 लाख क्युसेक विसर्ग सोडावा लागला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. पावसाळ्यात जलाशय आधीच रिकामा का ठेवला नाही, असे नागरिक विचारतात. पुढे पाऊस दडी मारून बसला तर सिंचन आणि वीज कुठून आणायची, असे व्यवस्थापन विचारते. दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यात गोडादरा-लिंबायत पट्ट्यात मिठी खाडीचे पाणी घरात शिरते ते स्थानिक पावसाने. त्याचा उकाईशी संबंध असतोच असे नाही. धरणफुटी, विसर्ग आणि खाडी यांचे तिन्ही पूर एकच समजले, तर उपायही चुकतील.

म्हणून धरणफुटीचा अभ्यास दोन्ही स्थितींसाठी व्हावा: कोरड्या दिवशी अचानक तडा गेला तर, आणि जलाशय काठोकाठ भरलेला असताना महापूर आला तर. भगदाड किती रुंद पडेल, पाणी किती तासांत पोहोचेल, किती उंच चढेल, याचे आकडे वॉर्डनिहाय हवेत.

असे नकाशे उघड केले तर घबराट पसरेल, जागांचे भाव पडतील, अशी भीती असते. ती निराधार नाही. पण भाड्याच्या खोलीत तळमजल्यावर राहणाऱ्या यंत्रमाग कामगाराला पळायची दिशाच ठाऊक नसणे, याची किंमत कितीतरी मोठी आहे.

धरण सुरक्षा कायदा 2021 नुसार जुन्या मोठ्या धरणांसाठी जोखीम-अभ्यास आणि आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांत तयार करणे बंधनकारक आहे. ही मुदत डिसेंबर 2026 अखेर संपते. तो आराखडा कपाटात ठेवू नये. गुजरातीबरोबर मराठी आणि हिंदीतही, गोडादऱ्याच्या चौकात, शाळेत आणि सोसायटीच्या फलकावर तो लागला पाहिजे. आणि पावसाळ्यापूर्वी एकदा तरी भोंगा वाजवून त्याची रंगीत तालीम झाली पाहिजे.