माय, तू बी बठ!

रविवार. दुपारचे चार. नाशिक-पुण्याकडचे तुमचे चार-पाच मित्रमैत्रिणी पहिल्यांदाच जळगावला, नाहीतर धुळ्याला, तुमच्या घरी येणार आहेत. दोन दिवस तुमच्या डोक्यात एकच विषय, द्यायचं काय?

आई विचारते, ‘पोहे टाकू का भजी तळू?’

तुम्ही मोबाइल पुढे करता. एका रीलमध्ये लाकडी पाटावर हिरवे-काळे ऑलिव्ह, चीजचे तुकडे, तेलात भिजवलेले वाळके टोमॅटो आणि पातळ कुरकुरीत ब्रेडच्या काड्या मांडलेल्या असतात. ‘हे बघ, इटालियन प्लॅटर. अँटीपास्टो म्हणतात. तू काही करू नको, मी करतो.’

मग तुम्ही ऑलिव्हची बाटली शोधत शहर पालथं घालता. ती मिळते, किंमत बघून पोटात गोळा येतो, तरी घेता. घरी आल्यावर पाहता तर आईने फळीवरून बिबड्यांचा डबा काढून ठेवलेला असतो. तुम्ही हळूच तो परत वर सरकवता. पुण्याच्या लोकांसमोर बिबडे? नको यार!

ओळखीचं वाटतंय ना? मग थोडं बोलूच.

आधी सांगून टाकते, प्लॅटर करायला माझा अजिबात विरोध नाही. उलट जरूर करा. पण त्या ताटातून नेमकं काय उचलायचं, यात आपली गल्लत होतेय. आपण ऑलिव्ह उचलतोय. उचलायची आहे ती रीत.

जेवणाआधीचं ताट

अँटीपास्टो या इटालियन शब्दाचा अर्थ साधा आहे : जेवणाआधीचं. पास्टो म्हणजे जेवण. त्याचा पास्ताशी काही संबंध नाही. अनेकवचन अँटीपास्टी. पाहुणे आले, गप्पा सुरू झाल्या, खरं जेवण अजून लांब आहे, तोवर मधे ठेवायचं आणि सगळ्यांनी हाताने उचलून खायचं ताट.

त्यात काय काय असतं ते नीट बघा. ऑलिव्ह म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेलं फळ. जार्दिन्येरा म्हणजे फ्लॉवर, गाजर, मिरची यांचं व्हिनेगरमधलं लोणचं. टोमॅटो असतात ते दक्षिण इटलीच्या उन्हाळ्यात मीठ लावून वाळवलेले. सलामी म्हणजे मीठ लावून टिकवलेलं मांस. चीज म्हणजे टिकवलेलं दूध. ग्रिसिनी म्हणजे तुरीन शहराच्या भागातल्या कुरकुरीत ब्रेडच्या काड्या. आणि ब्रुस्केत्ता, ज्याला आपण ब्रुशेटा म्हणतो, तो म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला ब्रेड, त्यावर लसूण घासायचा आणि तेल सोडायचं. झालं.

म्हणजे मुरवलेलं, वाळवलेलं, खारवलेलं, भाजलेलं. सुगीच्या दिवसांत करून ठेवायचं आणि पाहुणे आले की डब्यातून, बरणीतून काढायचं. आयत्या वेळी चूल पेटवायची गरजच नाही.

आता सांगा, हे वर्णन इटलीचं वाटतंय की तुमच्या घरातल्या माळ्याचं?

माळ्यावरची इटली

मार्च-एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे ऊन कसं तापतं, हे भुसावळ-जळगावच्या पोरांना वेगळं सांगायला नको. पारा 45 च्या आसपास गेला की आपण घरात पडून राहतो आणि गच्चीवर मात्र खाटांवर, जुन्या लुगड्यांवर वाळवणं पसरलेली असतात. ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, उडदाचे पापड, सांडगे. दक्षिण इटलीतल्या टोमॅटोला जे ऊन लागतं, तेच ऊन आपल्या कुरडईला लागतं. फरक एवढाच की त्या टोमॅटोचं रील होतं आणि कुरडईला आपण डब्यात लपवतो.

आणि भरीत? हिरव्या-पांढुरक्या, कमी बियांच्या वांग्यांना कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, सोलायचं, लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणासोबत ठेचायचं, मग तेल, शेंगदाणे, पातीचा कांदा, कोथिंबीर. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. शॅम्पेन हे नाव जसं फ्रान्सच्या त्या ठरावीक भागातल्याच वाइनला लावता येतं, तशातलंच हे संरक्षण. आणि ते वांगं आपण ‘गावठी’ म्हणून पाहुण्यांसमोर आणायला लाजतो.

वांग्यावरून एक इटालियन गोष्ट सांगते. पेल्लेग्रिनो आर्तुसी नावाच्या गृहस्थांनी 1891 मध्ये स्वतःच्या खर्चाने स्वयंपाकाचं एक पुस्तक छापलं. इटलीच्या घराघरांत आजही ते मानाचं मानलं जातं. त्यात त्यांनी नोंदवलंय की चाळीस वर्षांपूर्वी फ्लोरेन्सच्या बाजारात वांगं क्वचितच दिसायचं. कारण? ते ज्यूंचं खाणं, म्हणून हलकं समजलं जायचं. आज त्याच वांग्याची सिसिलीतली आंबटगोड कापोनाता आणि भाजून तेलात घातलेले काप यांच्याशिवाय कित्येक अँटीपास्टी पुऱ्या होत नाहीत. मधल्या काळात वांगं बदललं नाही, बघणाऱ्यांची नजर बदलली. कुठलं खाणं ‘भारी’ आणि कुठलं ‘हलकं’ हे जिभेने ठरत नाही. ते कोण खातं, यावरून ठरवलं जातं. हे तिथेही झालं आणि इथेही होतं. बिबड्यांचा डबा वर सरकवणारा हात तेच करत असतो.

पण मुद्दा फक्त अभिमानाचा नाही

‘आपलं ते भारी’ एवढंच सांगायचं असतं तर मी इथेच थांबले असते. पण खरा मुद्दा पुढे आहे.

आपल्या घरी पाहुणे येतात तेव्हा काय होतं, आठवा. सगळे पुढच्या खोलीत. हसणं, खिदळणं, जुन्या आठवणी. आणि आई? ओट्यापाशी. कढई तापलेली, पहिला घाणा बाहेर, दुसरा तेलात. मधूनच पुढच्या खोलीत डोकावते, ‘घ्या ना, गरम आहेत तोवर घ्या,’ म्हणते आणि परत आत. पाहुणे जाताना म्हणतात, ‘काकू, भजी एक नंबर!’ काकूंचा चेहरा त्यांनी एकूण तीन मिनिटं पाहिलेला असतो.

आपल्याकडे पाहुणचार म्हणजे गरमागरम. आणि गरमागरम म्हणजे कुणीतरी एक बाई आत उभी.

हे नुसतं माझं मत नाही. सरकारने 2019 मध्ये देशभर पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. 6 वर्षांवरच्या बायकांपैकी 81.2 टक्के बायका रोज घरातलं बिनपगारी काम करत होत्या. पुरुषांपैकी 26.1 टक्के. जे करतात त्यांचाच हिशेब धरला तरी बायकांचे रोज 299 मिनिटं, पुरुषांचे 97. म्हणजे जवळपास पाच तास विरुद्ध दीड तास.

आता ते इटालियन ताट पुन्हा बघा. त्यातली खरी भारी गोष्ट चीज नाहीच. ताट आधी मांडून होतं, टेबलावर येतं आणि ज्याने मांडलं तोही खुर्ची ओढून बसतो. ताटाचं सगळं गणितच असं आहे की आत कुणी उभं राहायची गरज नाही. आपण रील बघून नेमकं हेच सोडून बाकी सगळं उचललं.

‘पण...’

आता तुमचे ‘पण’ येणार. येऊ द्या.

पहिला : गार खाणं पाहुण्याला द्यायचं? अपमान नाही का? थोडं आठवा. थंडीत शेतात भरीत पार्टी होते तेव्हा भरीत काय वाफाळतं असतं? ते कोमट झाल्यावरच चव धरतं. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, कळण्याची भाकरी, यातलं काय गार झाल्यावर बिघडतं? ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ती भाकरी तर पातळ थापून कडक केली की काडीसारखी मोडून खाता येते. ग्रिसिनी घरातच आहे की!

दुसरा ‘पण’ जास्त महत्त्वाचा, आणि तो मीच काढते. बिबडे डब्यात आपोआप आले का? एप्रिलच्या उन्हात, पहाटे उठून, ज्वारीचं पीठ शिजवून, थापून, वाळवून ते कुणी केले? आईने, मावशीने, शेजारच्या काकूंनी. म्हणजे ताट मांडून आपण आईचे कष्ट संपवत नाही, फक्त ते पाहुण्यांच्या नजरेआड, चार महिने मागे ढकलतो. इटलीतही वेगळं नाही. तिथली आजी, म्हणजे नोन्ना, बरण्या भरत बसते आणि फोटो ताटाचा निघतो.

म्हणून ताट मांडायचं असेल तर त्याची सुरुवात गच्चीवर होते. परीक्षा आणि निकालाच्या मधल्या सुट्टीत एक सकाळ बिबडे थापायला बसा. मुलींनो, तुम्हाला हे सांगावं लागत नसेल. मुलांनो, तुमच्यासाठीच सांगतेय. पहिला बिबडा नकाशासारखा होईल. वाळल्यावर चव तीच लागते.

तर ताट कसं मांडाल?

सहा जणांसाठी सांगते. ऑलिव्हच्या बाटलीच्या पैशात हे सगळं बसतं आणि वर चहाला उरतात.

घरातली मोठी पितळी परात घासून घ्या. आदल्या दिवशी कळण्याच्या चार भाकऱ्या कडक करून ठेवा. सकाळी किलोभर वांग्यांचं भरीत करा. कपाशीच्या काड्या शहरात मिळणार नाहीत, गॅसच्या आचेवर भाजा, चालतं. बिबडे-कुरडया पाहुणे यायच्या तासभर आधीच भाजून-तळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. अर्धा लिटर दही सकाळी फडक्यात टांगून ठेवलं की दुपारपर्यंत चक्का तयार. त्यात मीठ, ठेचलेला लसूण, वरून तेल. चीजची जागा भरली. तशीही ती घ्यायची गरज नाही. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं, म्हणजे तुमच्या जैन किंवा शाकाहारी मैत्रिणीला ते चालणारच नाही.

मांडताना आधी ओल्या वस्तूंच्या वाट्या ठेवा : भरीत, चक्का, ठेचा, लिंबाचं लोणचं. या वाट्या एकमेकींपासून लांब. मग मधे भाकरीचे तुकडे, काकडी, मुळा, पातीचा कांदा. केळीचे वेफर्स, भाजलेले शेंगदाणे मोकळ्या जागांत. थंडी असेल तर मूठभर मेहरूणची बोरं. बिबडे आणि कुरडया अगदी शेवटी, ओल्या वाट्यांना न टेकवता. नाहीतर दहा मिनिटांत मऊ पडतात. प्रत्येक घासात खारट, आंबट, तिखट आणि कुरकुरीत यातलं किमान दोन असलं पाहिजे. बास, नियम एवढाच.

ऑलिव्ह आवडत असतील तर तेही ठेवा की! लिंबाच्या लोणच्याशेजारी ठेवा. दोघं एकाच जातीचे आहेत, मिठात मुरलेले. फक्त याला ‘फ्यूजन’ वगैरे म्हणू नका. विचारलं कुणी, तर प्रत्येक वाटीचं नाव सांगा. भरीत, कळणा, बिबडे. ब्रुस्केत्ता म्हणायला आपण शिकलो, तर पुण्याची पोरं बिबडे म्हणायला शिकतील.

आणि एक गोष्ट विसरू नका, त्याशिवाय ताट पूर्ण होत नाही. परातीभोवती माणसं मोजून एक जागा जास्त ठेवा. चहा तुम्ही टाका. आई सवयीने ओट्याकडे वळेल, ‘तुमचं चालू द्या, मी आहे इथे,’ म्हणेल. तिला आत जाऊ देऊ नका. तुमच्या मित्रांना तिच्याशी बोलू द्या. तिचं कॉलेज, तिचं माहेर, ती पहिल्यांदा या घरात आली तो दिवस, यातलं निम्मं कदाचित तुम्हीही पहिल्यांदाच ऐकाल.

धुळ्याकडे अहिराणीत म्हणतात तसं, हाताला धरून सरळ म्हणा, ‘माय, तू बी बठ!’