मागच्या रांगेत कोण बसणार?

गाडी बघायला आमच्याकडे पुरुष जातात. एक मेहुणा, एक भाचा, मोहल्ल्यातला ओळखीचा मेकॅनिक आणि ज्याच्या खिशातून पैसे जाणार तो. बॉनेट उघडतं, सगळे वाकून आत बघतात, ज्याला काही कळत नाही तोही मान हलवतो. मग एकजण चक्कर मारून येतो आणि ‘मक्खन गाडी आहे’ असं जाहीर करतो. गेल्या वर्षी आम्ही सात आसनांची जुनी गाडी शोधायला निघालो, तेव्हा पहिल्या चार गाड्या मीही अशाच पाहिल्या.

आमचं गणित साधं होतं. अम्मी, भाभी, मी, माझी बायको आणि दोन्ही घरची मिळून तीन मुलं. सातजण. मोठे भाईजान कुवेतला असतात, ते सुट्टीवर आले की आठवा माणूस रेल्वेने जाईल असं ठरलं. मुंब्र्याहून खेडजवळच्या गावी वर्षातून पाच-सहा फेऱ्या होतात. पैसे तिघांचे होते. भाईजाननी तीन लाख पाठवले, मी अडीच घातले आणि भाभीने शिकवणीतून साठवलेले एक लाख दिले. बँकेचं कर्ज नको ही अम्मीची अट. व्याजाचा प्रश्न आमच्या घरात वादाचा नाही, पण त्यातून एक गैरसमज मात्र होतो. कर्ज काढलं नाही म्हणजे जुनी गाडी स्वस्त पडली, असं नसतं. टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन हे सगळं पहिल्या वर्षातच दाराशी येऊन उभं राहू शकतं. म्हणून साडेसहातले साठ हजार आम्ही बाजूला काढले आणि ते नाहीतच असं समजून गाड्या पाहिल्या.

चौथ्या गाडीचं वर्णन मी घरी उत्साहाने करत होतो. उंच आहे, रुबाब आहे, रस्त्यावर वजन वाटतं. भाभी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, ‘‘इंजिन बघितलंत, टायर बघितलेत. मी कुठे बसणार ते बघितलं का कुणी?’’

कुणीच बघितलं नव्हतं. लाख रुपये तिचे, सहा-सात तास मागच्या रांगेत बसणार ती, आणि गाडी बघायला आम्ही तिला विचारलंही नव्हतं. आपल्या घरांतून हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असंही वाटत नाही. पुढच्या सीटवर घरातला पुरुष, मधे वडीलधारे, मागे सुना आणि मुलं. गाडीतली ही उतरंड कुठल्याही शरीयतने सांगितलेली नाही. ती आपली सोय आहे.

पाचवी गाडी बघायला भाभी आणि अम्मी आल्या. विक्रेत्याने दोघींना खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि किंमत मला सांगायला लागला. भाभी खुर्चीत बसली नाही. बुरख्याचा घोळ एका हाताने सावरत ती तिसऱ्या रांगेत चढायला गेली आणि तिथेच त्या गाडीचा निकाल लागला. मधली सीट दुमडून पुढे केली तरी वाट वीतभर, पाय टाकायची जागा कमरेच्या उंचीला. बसल्यावर गुडघे छातीशी. उंच, दणकट दिसणाऱ्या अनेक गाड्यांत मागची फरशी वर आलेली असते. सीट असते, पाय सोडायला खोली नसते. कागदावर सात आसनं, प्रत्यक्षात पाच माणसं आणि दोन सामान.

अम्मीच्या गुडघ्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली, जी मला कुठल्याही जाहिरातीत दिसली नव्हती. मधल्या रांगेतली जी सीट दुमडून मागे जायची वाट होते, तिच्यावर म्हातारं माणूस बसवलं तर मागच्या मुलाला लघवीला उतरायचं झालं की आधी म्हातारीला उतरवावं लागतं. पेणपासून कशेडीपर्यंत हे किती वेळा होईल ते हिशेब करून बघा. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असतील, तर त्यांच्या मधल्या फटीतून मूल मागेपुढे जाऊ शकतं. अम्मी जागची हलत नाही.

त्या दिवसापासून यादीच बदलली. जुन्या बोलेरोत मागच्या सीट समोरासमोर, आडव्या. गावातल्या रस्त्यांवर ती गाडी पाय रोवून चालते, दुरुस्तीही नाक्यावर होते, पण आडव्या सीटवर घाटातलं प्रत्येक वळण मणक्यावर येतं आणि अपघातात अंग आडवं फेकलं जातं. स्कॉर्पिओच्या काही मॉडेल्सचीही तीच कथा. मुलांना मी तिथे बसवणार नाही. एर्टिगा २०१२ साली आली, चालवायला हलकी, पेट्रोलचा खर्च झेपणारा. तिसरी रांग मुलांना ठीक. पण ती रांग उभी ठेवली तर पहिल्या पिढीच्या एर्टिगात मागे फक्त १३५ लिटरची डिकी उरते, २०१८ नंतरच्या मॉडेलात २०९. म्हणजे दोन बॅगा आणि एक नारळाची पिशवी. सीएनजीची घेतलीत तर ती जागाही टाकी खाते. इनोव्हा २००५ पासून इथे आहे, चेसीवर बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी. बाहेरून तिला कुणी एसयूव्ही म्हणणार नाही आणि भाच्याने नाकही मुरडलं. पण मोठ्या माणसाला तिसऱ्या रांगेत माणसासारखं बसता येतं. भाभी मागे बसली, सीटच्या फटीत हात घालून तिने बेल्टचं बक्कल ओढून काढलं. ते आत दबून गेलेलं होतं. त्या गाडीत मागे बेल्ट लावून कधी कुणी बसलंच नसावं. पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरही बेल्ट लावणं कायद्याने बंधनकारक आहे, हे आपल्याकडे दंडाच्या बातमीपुरतं आठवतं.

आता ट्रॉलीबद्दल. गावी चुलत भावाची हापूसची कलमं आहेत. त्याचं म्हणणं, एवढी मोठी गाडी घेताच आहात तर मागे हुक लावू, मेमध्ये ट्रॉली जोडून पेट्या आणू. कल्पना मोहाची होती. एका दगडात गाव आणि बाग. पण वजनाचा हिशेब मांडला. सात माणसं सरासरी पासष्ट किलोंची धरली, मुलं हलकी हे मान्य करूनही, तरी सामानासकट चारशे-पाचशे किलो होतात. बहुतेक सात-आसनी गाड्यांचा एकूण भार तिथेच संपत येतो. त्यावर ट्रॉली ओढायची तर तिचं नाक गाडीच्या मागच्या टोकावर दाबणार. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पकड चढावर तशीच कमी होते, ती आणखी सुटते. क्लच जळतो. उतरणीला स्वतःचा ब्रेक नसलेली ट्रॉली गाडीला मागून ढकलते आणि थांबवायचं काम गाडीच्या ब्रेकना दोघांसाठी करावं लागतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाचा आकडा छापलेला नसेल, तर तो आकडा शून्य समजावा असं माझं मत आहे. शिवाय ट्रॉली हे कायद्याच्या लेखी वेगळं वाहन आहे, तिची नोंदणी लागते. नाक्यावरच्या वेल्डरने जोडलेल्या सांगाड्यासकट अपघात झाला तर विमा कंपनीशी कोण भांडणार?

बंपरला पोच येऊ नये म्हणून हौसेने मागे लोखंडी हुक लावून फिरणारेही खूप आहेत. मागून धक्का बसला की बंपरने सोसायचा मार तो हुक थेट चेसीपर्यंत नेतो. जुन्या गाडीला असा हुक दिसला तर खाली वाकून चेसी बघा, वाकलेली नाही ना.

भावाला सांगितलं, हंगामात दोन वेळा पिकअप भाड्याने घे, भाडं मी देतो. तो थोडा रुसला. बायका-मुलांना पाठीशी घेऊन कशेडी उतरणाऱ्या गाडीच्या शेपटाला आंब्याचं ओझं बांधायला मी तयार नव्हतो, आणि नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे मोजू नयेत. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विमा आपल्या नावावर करण्यासाठी खरेदीपासून १४ दिवसांत कंपनीला कळवायचं. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या तिथल्या दहा वर्षांच्या नियमामुळे स्वस्तात खाली येतात, पण ना-हरकत दाखला, इथला कर आणि नव्या नोंदणीचे हेलपाटे धरले की स्वस्ताई आटते. १५ वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते, तेव्हा गाडीचं वय त्या हिशेबानेही मोजा. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ओडोमीटर ‘साठ हजार’ म्हणत असेल आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल, तर रबरावर विश्वास ठेवा. आम्हाला दाखवलेल्या एका गाडीत सर्व्हिसच्या जुन्या पावतीवर दीड लाख किलोमीटर लिहिलेले होते आणि काट्यावर ब्याण्णव हजार. विक्रेता म्हणाला, ‘‘चाचा, पावती दुसऱ्या गाडीची असेल.’’ नंबर तोच होता.

शेवटी २०१३ ची एका हातची, मधे सुट्या खुर्च्या असलेली इनोव्हा घेतली. भाभीने मागे बसून तासभर फिरल्यावर. उरलेल्या साठ हजारांपैकी अठ्ठेचाळीस पहिल्या चार महिन्यांत गेले.

राहिली आमची जुनी गाडी. विक्रेत्यांच्या नावाने एवढं बोलल्यावर हे न सांगणं बरं नाही. पावसात तिच्या पुढच्या पायदानाखाली पाणी मुरायचं. विकायला काढली एप्रिलमध्ये, तेव्हा कार्पेट खडखडीत कोरडं. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, ‘‘कोण विचारतंय?’’ पहिल्या दिवशी बघायला आलेल्या मुलाने विचारलंही नाही, आणि मी पाच हजार बयाणा घेतला. सहीह मुस्लिममधली ती हदीस मी किती जुम्म्यांना ऐकली असेन. पैगंबर (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात आणि बोटांना ओल लागते. विकणारा म्हणतो, पाऊस लागला. मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता, असं ते त्याला विचारतात. घरी आलो तर भाभी मुलांना सांगत होती की गाडी बघताना आपण काय काय तपासलं.

दुसऱ्या दिवशी मुलाला फोन करून पाण्याचं सांगितलं. तो म्हणाला, विचार करतो. दोन दिवसांनी आला, बारा हजार कमी कर म्हणाला, मी केले. या वेळी तो आईला घेऊन आला होता. तिने पुढचं दार उघडलं, कार्पेटचा कोपरा उचलला आणि खाली हात घातला.