धर्मादाय खाट ही भीक नव्हे, कायदेशीर देणे आहे!

‘तशी खाट सध्या रिकामी नाही’, ‘निधी संपला’, ‘साहेब आल्यावर विचारा’. धर्मादाय रुग्णालयाच्या खिडकीवर गरीब रुग्णाच्या नातेवाइकाला मिळणारी ही उत्तरे आता इतकी अंगवळणी पडली आहेत की, ती ऐकून कोणाला संतापही येत नाही. ऐकणारा मान खाली घालून परत फिरतो. कारण आपण काहीतरी फुकट मागायला आलो होतो, अशी त्याची समजूत असते. ही समजूत साफ खोटी आहे, आणि खिडकीच्या आत बसलेल्यांना ती खोटी असल्याचे पक्के ठाऊक असते.

कायदा काय सांगतो? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत. हे कलम दीर्घकाळ पुस्तकातच निपचित पडले होते. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, १७ ऑगस्ट २००६ रोजी न्यायालयाने सविस्तर योजनाच आखून दिली आणि १ सप्टेंबर २००६ पासून ती लागू झाली. म्हणजे जे विधिमंडळाने लिहिले आणि शासनाने अंमलात आणले नाही, ते एका याचिकेने घडवून आणले. न्यायालयात जाणे म्हणजे ‘कोर्टबाजी’ असे नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

या योजनेतील सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र आपल्या सुशिक्षित घरांतही फारशी ठाऊक नाही. निर्धन व दुर्बल रुग्ण वगळता अन्य सर्व रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाने ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करावयाची असते. आपल्या वडिलांच्या शस्त्रक्रियेचे देयक १ लाख रुपये झाले असेल, तर त्यातील २ हजार रुपये कोणा अनोळखी गरिबाच्या औषधासाठी बाजूला पडलेच पाहिजेत. ‘निधी संपला’ असे सांगणाऱ्याला ‘हिशेब दाखवा’ असे म्हणण्याचा नैतिक अधिकार त्यामुळे तुम्हा-आम्हालाही पोहोचतो.

रुग्णालयांचा युक्तिवाद ठरलेला आहे. यंत्रे महागली, वेतने वाढली, आम्ही किती सोसायचे? हा प्रश्न अगदीच निराधार नाही. परंतु प्राप्तिकरातील सूट घेताना, काही ठिकाणी शासनाची जमीन नाममात्र दराने आणि वाढीव चटईक्षेत्र पदरात पाडून घेताना हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. फाटकावर ‘धर्मादाय’ हा शब्द मिरवायचा आणि आत व्यापारी पेढी चालवायची, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. ज्या समाजाने धर्मशाळा आणि अन्नछत्रे चालवली, त्याच्या भाषेतील हा शब्द आहे. अन्नछत्रात पंगतीला बसण्यापूर्वी कोणी अनामत रक्कम मागत नसे.

अनामत रकमेचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयी. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यावे आणि त्याची प्रकृती स्थिरावेपर्यंत उपचार द्यावेत, असे ही योजना स्पष्ट सांगते. सर्वोच्च न्यायालयाने तर १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात आणि पुन्हा १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात तातडीचा उपचार हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचाच भाग मानला. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामतीच्या मागणीचाच आरोप झाला आणि राज्य ढवळून निघाले. २००६ च्या योजनेची आठवण करून द्यायला २०२५ साली एक मृत्यू व्हावा लागतो, याची लाज कोणी बाळगायची?

‘खोटे दाखले आणून सधन लोकच लाभ उपटतात’, असाही एक आक्षेप असतो. उपटतात, हे खरेच! मोटारीतून उतरून उत्पन्नाचा दाखला पुढे करणारी मंडळी आपल्या ओळखीतही सापडतील, आणि त्यांना चारचौघांत सुनावले पाहिजे. परंतु त्यासाठी खऱ्या गरजूला दारातून परत पाठवणे हा न्याय कुठला? निर्धनासाठी वार्षिक १ लाख ८० हजार आणि दुर्बलासाठी ३ लाख ६० हजार रुपये, अशी आजची उत्पन्नमर्यादा आहे. आपल्या सोसायटीचा पहारेकरी, घरी भांडी घासणाऱ्या मावशी, रिक्षा चालवणारा शेजारी यांच्यापैकी अनेक कुटुंबे या मर्यादेत बसतात. तहसीलदाराचा दाखला कसा काढायचा, हे त्यांना सांगणारे कोणी नसते, एवढेच.

आणि येथेच कार्यकर्त्यांशी थोडे स्पष्ट बोलायला हवे. रक्तदान शिबिरे, रुग्णसाहित्य केंद्रे, रात्री रुग्णापाशी बसणे यांत आपली माणसे कधी मागे नसतात. मात्र ‘आपण सेवा करावी, भांडण करू नये’ ही वृत्ती आता पुरेशी नाही. वॉटरबेड उसना देणारा कार्यकर्ता त्याच रुग्णासोबत खिडकीपाशी उभा राहून वैद्यकीय समाजसेवकाचे नाव का विचारत नाही? नकार लेखी का मागत नाही? तो अर्ज धर्मादाय सहआयुक्तांकडे का नेत नाही? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्न गटातील नागरिक यांना विनामूल्य वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते. तेथपर्यंत गरिबाला बोट धरून नेण्यासाठी सनद लागत नाही. ज्यांच्याकडे सनद आहे, त्या वकील मंडळींनी आठवड्यातील एक सायंकाळ यासाठी दिली, तर बिघडणार नाही.

उरले विश्वस्त. त्यांच्यापैकी काही जण हे पान वाचत असतील, आपल्या बैठकांना येत असतील, व्यासपीठावर सत्कारही स्वीकारत असतील. त्यांच्याकडे मागणी एकच आहे. राखीव खाटा किती, आज रिकाम्या किती, आणि निर्धन रुग्ण निधीत या महिन्यात जमा किती व खर्च किती, हे चार आकडे प्रवेशद्वाराशी मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावेत. वाचकांनीही पुढच्या खेपेस एखाद्या आप्ताला भेटायला धर्मादाय रुग्णालयात जाताना असा फलक आहे का, ते पाहावे. नसल्यास तेथेच व्यवस्थापकाला विचारावे.